महाराष्ट्राच्या राज्यपालांची यादी स्वतः कशी बनवायची आणि ती कशी वाचायची

महाराष्ट्राचे राज्यपाल कोण कोण होऊन गेले आणि कोण किती काळ होते हे शोधायला बसलात की चार ठिकाणी चार याद्या मिळतात आणि एकीचं दुसरीशी जुळत नाही. एकीत श्रीप्रकाश १९५६ पासून दिसतात, दुसरीत १९६० पासून, तिसरीत मधल्या काळात नुसता चार्ज सांभाळणारे पण नंबर लावून बसवलेले असतात आणि चौथीत ते गायबच. एमपीएससी करणारी पोरं यातली हाताला लागेल ती पाठ करतात, मग ग्रुपवर "सध्याचे कितवे राज्यपाल" यावरून रात्री बारापर्यंत वाद. म्हणून सांगतो, यादी स्वतः बनवा. अवघड अजिबात नाहीये, फक्त कुठे काय बघायचं हे माहिती पाहिजे.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण माझ्या मते सगळं त्यातच आहे. नाव आणि तारखा लिहून थांबू नका, प्रत्येक नावासमोर "पद का सोडलं" हा रकाना ठेवाच. मुदत संपली, बदली झाली, राजीनामा दिला, पदावर असताना वारले, की आणखी मोठं पद मिळालं. हा एक रकाना भरला की ती नुसती यादी राहत नाही, साठ-पासष्ट वर्षांचं राजकारण त्यात दिसायला लागतं. नेमका हाच रकाना नेटवरच्या बहुतेक याद्यांत नसतो.

कुठून सुरुवात करायची ते आधी ठरवा

सोपा पर्याय म्हणजे १ मे १९६०. पण त्या दिवशी नवीन राज्यपाल आले नव्हते. श्रीप्रकाश आधीपासूनच राजभवनात होते, १० डिसेंबर १९५६ पासून, तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्याचे राज्यपाल म्हणून. १ मे ला राज्याचे दोन भाग झाले आणि ते महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून पुढे चालू राहिले, १६ एप्रिल १९६२ पर्यंत. आता त्यांची टर्म किती? मुंबई राज्यापासून धरली तर पाच वर्षं चार महिने, महाराष्ट्रापुरती धरली तर दोन वर्षांनाही थोडी कमी. दोन्ही बरोबर आहेत, फक्त तुम्ही कुठली धरलीय ते यादीच्या डोक्यावर एका ओळीत लिहून टाका. निम्मे वाद तिथेच मिटतात.

मी स्वतः १९४७ पासून धरतो, कारण मुंबई राज्याचे राज्यपाल सोडले तर गोष्ट मधूनच सुरू झाल्यासारखी वाटते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गव्हर्नर इंग्रजच होते, जॉन कोलव्हिल, १९४३ पासूनचे, आणि ते जानेवारी १९४८ पर्यंत राहिले. त्यांच्यानंतर राजा महाराज सिंग, मुंबईचे पहिले भारतीय गव्हर्नर, मे १९५२ पर्यंत. (याच राजा महाराज सिंगांनी १९५० मध्ये सत्तरी ओलांडल्यावर कॉमनवेल्थ संघाविरुद्ध फर्स्ट क्लास मॅचमध्ये पदार्पण केलं, आजही सगळ्यात जास्त वयात पदार्पण करणारा खेळाडू म्हणून त्यांचंच नाव घेतात. यादीत हे लिहायची गरज नाही पण नाव लक्षात राहतं.) मग गिरिजाशंकर बाजपेयी, ते डिसेंबर १९५४ मध्ये पदावर असतानाच वारले, मग मार्च १९५५ पासून हरेकृष्ण महताब आणि मग श्रीप्रकाश.

विदर्भ आणि मराठवाड्यातल्या वाचकांनी इथे थोडं थांबावं, कारण तुमच्या आजोबांच्या काळातले राज्यपाल या यादीत नाहीतच. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, आणि तिथले राज्यपाल आधी मंगलदास पक्वासा आणि १९५२ पासून पट्टाभि सीतारामय्या. मराठवाडा हैदराबाद राज्यात, आणि तिथे तर राज्यपाल हे पदच नव्हतं, राजप्रमुख होते, म्हणजे निजाम मीर उस्मान अली खान, २६ जानेवारी १९५० पासून ते राज्य विसर्जित होईपर्यंत. त्यामुळे शाळेत प्रोजेक्ट द्यायचा असेल तर नुसती "महाराष्ट्राचे राज्यपाल" अशी यादी लिहून घेण्यापेक्षा "१९५२ साली आपल्या जिल्ह्याचा राज्यपाल कोण" हा प्रश्न द्या. रत्नागिरीचं पोरगं, अकोल्याचं पोरगं आणि बीडचं पोरगं तीन वेगळी उत्तरं आणतील आणि तिघांचीही बरोबर असतील.

तारीख कुठली धरायची

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एका राज्यपालाच्या बाबतीत निदान तीन तारखा असतात: राष्ट्रपती भवनातून नियुक्तीची घोषणा झाली ती, शपथ घेतली ती, आणि पद सोडलं ती. बातमी गाजते घोषणेच्या दिवशी, म्हणून लोक तीच तारीख टाकतात. पण राष्ट्रपती भवनाच्या पत्रकातच लिहिलेलं असतं की या नेमणुका संबंधित व्यक्ती पदभार घेतील त्या तारखेपासून लागू. म्हणून आपल्या यादीत सुरुवातीची तारीख म्हणजे शपथेची तारीख. ती शपथ घटनेच्या कलम १५९ प्रमाणे हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती देतात, त्यामुळे त्या दिवसाची बातमी, फोटो, सगळं सापडतं.

फेब्रुवारी २०२३ जवळून बघा म्हणजे समजेल. १२ फेब्रुवारीला जाहीर झालं की भगतसिंह कोश्यारींचा राजीनामा मंजूर झाला आणि रमेश बैस नवीन राज्यपाल. सगळीकडे पोस्टी, अभिनंदनं, काही लोकांनी तर त्याच दिवशी नाव पण बदलून टाकलं. पण बैस यांनी शपथ घेतली १८ फेब्रुवारीला, तोपर्यंत कोश्यारीच राज्यपाल होते. म्हणजे कोश्यारी ५ सप्टेंबर २०१९ ते १७ फेब्रुवारी २०२३ आणि बैस १८ फेब्रुवारी २०२३ पासून. मधले पाच-सहा दिवस क्षुल्लक वाटतात, पण त्या दिवसांत एखाद्या फाईलवर सही झाली असेल तर ती कुणाची, हे या तारखांवरूनच ठरतं.

हे चालतं कारण कलम १५६ मध्ये तशी सोय आहे. मुदत पाच वर्षांची, पण ती संपली तरी पुढचा माणूस पदावर येईपर्यंत आधीचा चालू राहतो. कोश्यारींच्या आधीचे विद्यासागर राव यांनी ३० ऑगस्ट २०१४ ला सुरुवात केली, हिशोबाने २९ ऑगस्ट २०१९ ला पाच वर्षं भरली, पण कोश्यारींनी शपथ घेतली ५ सप्टेंबरला म्हणून राव ४ सप्टेंबरपर्यंत. असे जादा दिवस दिसले की चूक समजून खोडू नका.

तारखा तपासायच्या कुठे? राजभवनाच्या (आता नाव लोकभवन) वेबसाईटवर माजी राज्यपालांची यादी असते, तिथून सुरुवात करा. मग शंका वाटेल त्या नोंदीसाठी राजपत्र आणि त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर. मुंबईत असाल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, जुनं काय हवं असेल तर तिथे जायलाच पाहिजे. पुण्या-ठाण्यातल्या, गावागावातल्या जुन्या ग्रंथालयांत पेपरांच्या बांधीव फाईली असतात, जमेल तेव्हा त्या बघा, शपथविधीच्या बातमीत कोण हजर होतं, शपथ कुठल्या भाषेत घेतली असले तपशील मिळतात जे कुठल्याच यादीत नसतात. आणि एकच तारीख दोन ठिकाणी एका दिवसाने वेगळी दिसली तर घाबरू नका, बहुतेक वेळा एकाने राजीनाम्याचा दिवस धरलेला असतो आणि दुसऱ्याने नवा माणूस आल्याचा.

एक्सेलमध्ये भरताना

रकाने असे ठेवा: नाव, राज्य, शपथेची तारीख, पद सोडल्याची तारीख, पद सोडण्याचं कारण, पूर्ण नियुक्ती की अतिरिक्त कार्यभार, त्या काळातले मुख्यमंत्री, आणि शेवटी शेरा. क्रमांकाचा रकाना सगळ्यात शेवटी भरा, का ते पुढे सांगतो.

तारखा टाइप करताना एक लफडं होतं. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर सेट असेल तर राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांच्या शपथेची १२/०१/१९९३ ही तारीख तो १ डिसेंबर धरतो आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही, कारण दिसायला तारीख ठीकच दिसते. ३१/०७/२०२४ सारखी तारीख मात्र त्याला कळतच नाही म्हणून ती नुसता मजकूर होऊन बसते आणि वजाबाकीत एरर येते. म्हणून आधी तारखेचं फॉरमॅट भारतीय करून घ्या, किंवा महिना अक्षरात लिहा. आकडे देवनागरीत टाइप केलेत तर तेही बऱ्याचदा तारीख म्हणून घेतले जात नाहीत, तेवढ्यापुरते इंग्रजी आकडे वापरा. आणि इंग्रजांच्या काळातले गव्हर्नर पण भरायचे असतील तर लक्षात ठेवा, एक्सेलला १९०० सालाच्या आधीची तारीख तारीख म्हणून समजतच नाही. एल्फिन्स्टनचा कार्यकाळ तिथे मोजता येणार नाही, हातानेच वर्ष वजा करा.

कार्यकाळ काढायला डेटडिफ फॉर्म्युला आहे, त्याने वर्षं, महिने, दिवस वेगवेगळे मिळतात. फक्त पहिला दिवस मोजायचा की नाही ते ठरवा. पी. सुब्बरायन १७ एप्रिल १९६२ ला आले आणि ६ ऑक्टोबर १९६२ ला पदावर असताना वारले. वजाबाकी केली तर १७२ दिवस, दोन्ही टोकं धरली तर १७३. दोन याद्यांत एका दिवसाचा फरक दिसला की आधी हे तपासा.

नावांचं म्हणाल तर श्रीप्रकाश एकत्र लिहा, "श्री" वेगळं काढलंत तर अकारविल्हे लावताना ते "प" मध्ये जाऊन बसतात, मुळात श्री हा त्यांच्या नावाचाच भाग आहे. ओ. पी. मेहरा आणि ओ. पी. कोहली दोघेही ओम प्रकाश, त्यामुळे आद्याक्षरांवर जाऊ नका, पूर्ण नाव लिहा.

आता खरी मजा, का सोडलं तो रकाना

भरायला लागा आणि काय दिसतं बघा. श्रीप्रकाशांनंतर सुब्बरायन, सहा महिने पण झाले नाहीत तोवर निधन. मग २८ नोव्हेंबर १९६२ पासून विजयालक्ष्मी पंडित, या यादीतल्या एकमेव महिला, आजवर दुसरी नाही आणि हे खटकायला पाहिजे. त्या ऑक्टोबर १९६४ मध्ये राजीनामा देऊन गेल्या कारण नेहरू गेल्यानंतर फुलपूरची लोकसभेची जागा रिकामी झाली होती, ती त्यांनी लढवली आणि जिंकली. मग पी. व्ही. चेरियन, १४ नोव्हेंबर १९६४ ला आले आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये वारले, पाच वर्षं पूर्ण व्हायला आठवडाही उरला नव्हता. मग अली यावर जंग, फेब्रुवारी १९७० पासून, ते ११ डिसेंबर १९७६ ला पदावर असतानाच वारले. म्हणजे बाजपेयी धरून बावीस वर्षांत चार राज्यपाल पदावर असताना गेले. आणि अली यावर जंग यांच्यानंतर एकही नाही.

१९७७ नंतर कारणं बदलतात. निधन हा शब्द गायब होतो आणि बदली, राजीनामा हे शब्द यायला लागतात. सादिक अली एप्रिल १९७७ मध्ये आले, म्हणजे केंद्रात जनता सरकार आल्यावर लगेच, आणि नोव्हेंबर १९८० मध्ये तामिळनाडूला गेले, तेव्हा इंदिराजी परत आलेल्या. त्यांच्या जागी ओ. पी. मेहरा, मग मार्च १९८२ पासून इद्रिस हसन लतीफ, हे दोघेही हवाई दलाचे माजी प्रमुख, लागोपाठ. मेहरा इथून राजस्थानला गेले. मग कोना प्रभाकर राव दहा महिने. मग एप्रिल १९८६ मध्ये शंकरदयाळ शर्मा, ते सप्टेंबर १९८७ मध्ये उपराष्ट्रपती झाले आणि पुढे राष्ट्रपती. कासू ब्रह्मानंद रेड्डी फेब्रुवारी १९८८ ला आले आणि जानेवारी १९९० मध्ये गेले, त्याच्या जरा आधीच व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं होतं आणि त्या सरकारने सगळ्याच राज्यपालांकडून राजीनामे मागितले होते. त्यांच्या जागी सी. सुब्रमण्यम, हरितक्रांतीच्या वेळचे केंद्रीय शेतीमंत्री, त्यांना जानेवारी १९९३ मध्ये पद सोडावं लागलं कारण पंतप्रधान नरसिंह राव यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल त्यांनी केलेली टीका छापून आली.

म्हणून सांगतो, या रकान्याच्या शेजारी केंद्रात सरकार बदललं त्यातली ही वर्षं पेन्सिलने लिहा: १९७७, १९८०, १९८९, २००४, २०१४. प्रत्येक वेळी थोड्याच दिवसांत किंवा महिन्यांत राजभवनातलं नाव बदललेलं दिसतं. २००४ मध्ये मे महिन्यात सरकार बदललं, डिसेंबरमध्ये मोहम्मद फझल गेले आणि एस. एम. कृष्णा आले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये के. शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली झाली, त्यांनी जायला नकार देऊन राजीनामा दिला. हे सगळं कलम १५६ मधल्या एका ओळीवर चालतं, राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. सुप्रीम कोर्टाने मे २०१० मध्ये बी. पी. सिंघल खटल्यात सांगितलं की केवळ केंद्रातलं सरकार बदललं म्हणून राज्यपालाला मनमानीने काढता येणार नाही. पण बदली करायची आणि माणूस आपणहून राजीनामा देईल असं बघायचं हा रस्ता त्यानंतरही उघडाच राहिलेला दिसतो. मला हे अजिबात पटत नाही, पद घटनात्मक आहे म्हणायचं आणि वागवायचं बदलीच्या नोकरीसारखं.

आता सगळ्यात मोठा निष्कर्ष, जो यादी भरल्यावर तुमचा तुम्हालाच दिसेल. १९६० पासून महाराष्ट्रात पाच वर्षं किंवा जास्त राहिलेले राज्यपाल मोजा. अली यावर जंग, पी. सी. अलेक्झांडर, विद्यासागर राव. संपलं. मुंबई राज्याची वर्षं धरली तर श्रीप्रकाश. बाकी कुणीच नाही, चेरियन थोडक्यात हुकले. पुस्तकात "राज्यपालाचा कार्यकाळ पाच वर्षे" हे वाक्य पाठ करून आपण जे समजतो ते महाराष्ट्रात फारसं कधी घडलेलंच नाही.

अलेक्झांडर यांची नोंद मात्र स्वतंत्रपणे बघण्यासारखी आहे. १२ जानेवारी १९९३ ते १३ जुलै २००२, साडेनऊ वर्षं, राज्यात इतका काळ कुणीच नाही. मुंबईत दंगली चालू असताना ते आले. मुख्यमंत्र्यांचा रकाना भरायला घेतलात तर सुधाकरराव नाईक, शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे, विलासराव देशमुख एवढी नावं एकाच ओळीत बसतात, म्हणजे काँग्रेस, मग युती, मग आघाडी, आणि राजभवनात माणूस तोच. वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच काळात, आणि कलम ३७१(२) प्रमाणे विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र यांच्यात निधीचं समन्यायी वाटप बघायची खास जबाबदारी राज्यपालांवर आली. अनुशेषाबद्दल, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातल्या तुटीबद्दल, वाचताना "राज्यपालांचे निर्देश" हे शब्द सारखे येतात ते यामुळे. आणि पद सोडल्यावर त्याच महिन्यात ते महाराष्ट्रातूनच राज्यसभेवर निवडून गेले.

मधल्या रिकाम्या जागा

एकाची शेवटची तारीख आणि पुढच्याची पहिली तारीख यात अंतर दिसलं तर ती जागा मोकळी सोडू नका, वेगळी ओळ करा. राज्यपाल नाही असं घटनेत चालत नाही, कलम १६० प्रमाणे राष्ट्रपती कुणाला तरी काम सोपवतात. पूर्वी बहुतेक वेळा मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती हंगामी राज्यपाल व्हायचे, १९५६ मध्ये महताब गेल्यावर श्रीप्रकाश येईपर्यंत दोनेक महिने एम. सी. छागला होते. त्याआधी बाजपेयी गेल्यावर मंगलदास पक्वासा, तेच नागपूरवाले.

या रिकाम्या जागा किती महत्त्वाच्या असतात त्याचं माझं आवडतं उदाहरण १९६२ चं. सुब्बरायन ६ ऑक्टोबरला गेले आणि विजयालक्ष्मी पंडित आल्या २८ नोव्हेंबरला. मधल्या काळात काय झालं? चीनचं युद्ध सुरू झालं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि २० नोव्हेंबरला मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. म्हणजे राज्याच्या दुसऱ्या मुख्यमंत्र्याचा शपथविधी झाला तेव्हा कायम राज्यपालच नव्हते. नुसती नावांची यादी असती तर हे कधीच लक्षात आलं नसतं. तसंच १९७६-७७ चं, अली यावर जंग गेल्यापासून सादिक अली येईपर्यंत साडेचार महिने, आणि नेमक्या त्याच काळात निवडणुका होऊन आणीबाणी संपली.

हल्लीच्या काळात न्यायमूर्तींना हंगामी राज्यपाल करण्याऐवजी शेजारच्या राज्याच्या राज्यपालांकडे अतिरिक्त कार्यभार देतात, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने एकाच माणसाला दोन राज्यं देता येतात. २०१४ मध्ये शंकरनारायणन गेल्यावर काही दिवस गुजरातचे ओम प्रकाश कोहली होते. एस. सी. जमीर यांची तर दोन ओळींत नोंद करावी लागते, मार्च २००८ मध्ये गोव्याचे राज्यपाल असताना त्यांच्याकडे महाराष्ट्राचा चार्ज आला आणि जुलैपासून ते पूर्णवेळ इथले झाले. उलटही होतं, अलेक्झांडर, शंकरनारायणन आणि कोश्यारी या तिघांनीही महाराष्ट्र सांभाळत काही काळ गोव्याचा चार्ज पाहिलेला आहे. गोव्याची यादी बनवणाऱ्यांनी हे धरायला विसरू नका. तिथे आणखी एक वेगळेपण आहे, गोव्यात राज्यपाल हे पद ३० मे १९८७ पासूनच, त्याआधी नायब राज्यपाल आणि मुक्तीनंतर अगदी सुरुवातीला लष्करी गव्हर्नर के. पी. कँडेथ. गोपाल सिंग शेवटचे नायब राज्यपाल आणि पहिले राज्यपाल असे दोन्ही याद्यांत येतात.

आता क्रमांकाचा रकाना शेवटी का ठेवायला सांगितला ते कळलं असेल. श्रीप्रकाश यांना एक नंबर दिला आणि अतिरिक्त कार्यभारवाले सोडले तर सी. पी. राधाकृष्णन एकविसावे येतात. हंगामी लोक धरले की हा आकडा कुठल्या कुठे जातो. परीक्षेत विचारतात तेव्हा सहसा पूर्ण नियुक्तीवालेच धरलेले असतात.

मुख्यमंत्र्यांच्या तारखांशी जोडून बघा

राज्यपाल एरवी बातमीत नसतात, ते दिसतात सरकार बनताना आणि पडताना. म्हणून राष्ट्रपती राजवटीच्या तारखा शेऱ्यात टाका: फेब्रुवारी ते जून १९८० सादिक अली, २८ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर २०१४ विद्यासागर राव, १२ ते २३ नोव्हेंबर २०१९ कोश्यारी. कोश्यारींच्या ओळीत तर शेऱ्याची जागा पुरणार नाही. २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी, पाच दिवसांनी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा, विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त बारा जागांची अडकून पडलेली यादी, जून २०२२ मधलं बहुमत चाचणीचं पत्र. त्या पत्रावर सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ ला सांगितलं की बहुमत चाचणी बोलवायला राज्यपालांकडे पुरेसा आधार नव्हता. पण तारीख बघा, निकाल आला तेव्हा कोश्यारी पद सोडून तीन महिने होत आले होते आणि खुर्चीत बैस होते. निकालाची बातमी वाचणारा "राज्यपाल" म्हणून चुकीचा चेहरा डोळ्यासमोर आणू शकतो, यादी हाताशी असली की हे होत नाही.

इंग्रजांच्या काळातले कसे लक्षात ठेवायचे

ती यादी फार लांब आहे, ईस्ट इंडिया कंपनीपासून, पाठ करायच्या भानगडीत पडू नका. मुंबईतल्या नावांवरून पकडा. ग्रँट रोडचे रॉबर्ट ग्रँट १८३५ ते १८३८, रे रोडचे लॉर्ड रे १८८५ ते १८९०, हॅरिस शील्डचे लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५, सँडहर्स्ट रोडचे लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९००, म्हणजे प्लेगची वर्षं. लॅमिंग्टन रोड १९०३ ते १९०७, सिडनहॅम कॉलेज १९०७ ते १९१३, ब्रेबॉर्न स्टेडियम १९३३ ते १९३७. हे सात-आठ खुंटे ठोकले की बाकीचे मध्ये बसवता येतात.

पण दोन ठिकाणी सावध राहा. एल्फिन्स्टन दोन होते. कॉलेजवाले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशवाई बुडाल्यानंतरचे, १८१९ ते १८२७. आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन, आताचं प्रभादेवी, ते त्यांच्या पुतण्याच्या नावाचं, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६०, म्हणजे सत्तावन्नच्या वेळचे गव्हर्नर. या दोघांना एक समजून लिहिलेले लेख रोज दिसतात. दुसरं म्हणजे विल्सन. भंडारदऱ्याचं विल्सन धरण गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाचं, १९२३ ते १९२८, पण चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज जॉन विल्सन या मिशनऱ्याच्या नावाचं, त्यांचा या यादीशी संबंध नाही.

आणि या जुन्या यादीच्या डोक्यावर पण एक ओळ लिहा की हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, कारण सिंध एप्रिल १९३६ पर्यंत याच इलाख्यात होता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं नाव म्हणूनच एकीकडे भोरजवळच्या भाटघर धरणाला होतं आणि दुसरीकडे सिंधमधल्या सक्करच्या बंधाऱ्यालाही.

यादी चालू ठेवायची असेल तर शेवटच्या ओळी अशा भरा. सी. पी. राधाकृष्णन, शपथ ३१ जुलै २०२४, पद सोडलं ११ सप्टेंबर २०२५, कारण उपराष्ट्रपती म्हणून निवड, आणि शेऱ्यात लिहा की शंकरदयाळ शर्मांनंतर इथून थेट उपराष्ट्रपती झालेले हे दुसरे. त्याखाली आचार्य देवव्रत, शपथ १५ सप्टेंबर २०२५, गुजरातचे राज्यपाल म्हणून अतिरिक्त कार्यभार, क्रमांकाची जागा कोरी. त्याखालची ओळ भरताना परत तेच, घोषणेच्या दिवशी नाव लिहायला हरकत नाही, तारखेचा रकाना मात्र शपथविधी झाल्याशिवाय भरू नका.